लिनक्सवर वायफाय प्रिंटर छापतो, पण त्याचाच स्कॅनर सापडत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑल-इन-वन प्रिंटर वायफायवर जोडलेला आहे, लिनक्स मिंटवरून प्रिंट नीट निघते, मोबाइलवरून स्कॅनही होतं. पण कॉम्प्युटरवर 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडला की स्कॅनर सापडला नाही असं येतं. तुम्ही प्रिंटर काढून पुन्हा जोडलात, त्याचा ड्रायव्हरही पुन्हा टाकलात, तरी फरक पडला नाही.

तो पडणारही नव्हता. लिनक्सवर छपाई आणि स्कॅनिंग या दोन पूर्णपणे वेगळ्या यंत्रणा आहेत. प्रिंटचं काम 'कप्स' पाहतं आणि स्कॅनचं काम 'सेन' पाहतं. दोघींना एकमेकींची काहीच माहिती नसते. सेटिंग्जमध्ये जाऊन तुम्ही जो प्रिंटर जोडता, तो फक्त कप्सच्या यादीत जातो. सेनकडे अशी कायमची यादी नसतेच. कोणताही स्कॅनिंग प्रोग्रॅम उघडला की तो सेनला विचारतो, सेन आपल्या सगळ्या बॅकएंडना, म्हणजे वेगवेगळ्या जातीच्या स्कॅनरशी बोलणाऱ्या आपल्या भागांना, विचारतो आणि प्रत्येक बॅकएंड त्या क्षणी नेटवर्कवर, यूएसबीवर हाका मारून पाहतो. म्हणून लिनक्समध्ये 'स्कॅनर जोडा' असं बटण शोधूनही मिळत नाही. तेव्हा इथून पुढे प्रिंटरच्या ड्रायव्हरला हात लावू नका, तो ठीक आहे.

तुमच्या प्रश्नात सगळ्यात कामाची गोष्ट आहे ती मोबाइलवरून स्कॅन होतं ही. म्हणजे स्कॅनर धड आहे आणि नेटवर्कवरून बोलतो आहे. आता तो कोणत्या भाषेत बोलतो एवढंच शोधायचं. गेल्या काही वर्षांतले बहुतेक वायफाय ऑल-इन-वन 'ईएससीएल' नावाचा प्रोटोकॉल बोलतात, ॲपलच्या दुनियेत त्यालाच एअरस्कॅन म्हणतात. त्यात काही गूढ नाही. स्कॅनरच्या आत एक छोटा वेब सर्व्हर असतो, त्याला एचटीटीपीवरून एक्सएमएलमध्ये सांगायचं की इतक्या रिझोल्यूशनला, रंगीत, काचेवरचं पान स्कॅन कर, आणि तो जेपेग किंवा पीडीएफ परत पाठवतो. कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुसरा प्रोटोकॉल म्हणजे विंडोजच्या बाजूने आलेला 'डब्ल्यूएसडी'. काही मशिन दोन्ही बोलतात.

वेब सर्व्हर आहे म्हटल्यावर तपासणी ब्राउझरमधूनच होते, आणि मी नेहमी इथूनच सुरुवात करायला सांगतो. प्रिंटरच्या स्क्रीनवर नेटवर्कच्या मेन्यूत त्याचा आयपी पत्ता दिसेल, समजा १९२.१६८.१.४० आहे. मशिनला स्क्रीन नसेल तर नेटवर्क रिपोर्टचं पान छापून घ्या किंवा राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी पाहा. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका, त्यापुढे स्लॅश, मग 'ईएससीएल', पुन्हा स्लॅश, आणि शेवटी 'स्कॅनरकॅपॅबिलिटीज'. यात अक्षरांचा आकार महत्त्वाचा आहे: ईएससीएलमधलं ई स्मॉल आणि पुढची तीन अक्षरं कॅपिटल, तर स्कॅनरकॅपॅबिलिटीजमध्ये दोन्ही शब्द जोडून लिहायचे आणि त्यांचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल ठेवायचं. एंटर दाबल्यावर एक्सएमएलचा लांबलचक मजकूर आला, त्यात मॉडेलचं नाव, काचेची कमाल रुंदी-उंची, कोणकोणती रिझोल्यूशन चालतात असं सगळं दिसलं, की ऐंशी टक्के चिंता मिटली. स्कॅनर तुमच्या कॉम्प्युटरशी आत्ताच बोलला. जे अडलं आहे ते तुमच्याकडे, सेनच्या बाजूला आहे.

हे पान आलं नाही तर लगेच निराश होऊ नका. प्रिंटर गाढ झोपेत असेल, त्याचं एखादं बटण दाबून जागा करा. काही मशिन ईएससीएलसाठी वेब सर्व्हरच्या नेहमीच्या ८० क्रमांकाच्या पोर्टऐवजी (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचा दरवाजा) वेगळा पोर्ट वापरतात, तो कसा शोधायचा ते पुढे सांगतो. आणि काही मशिनवर ही सोय सेटिंगमध्ये बंद असते. नुसता आयपी पत्ता टाकून प्रिंटरचं स्वतःचं पान उघडा आणि तिथे एअरप्रिंट, एअरस्कॅन, वेबस्कॅन, कॉम्प्युटरवरून स्कॅन अशा नावांचे पर्याय बंद आहेत का पाहा. जाता जाता सांगतो, वेबस्कॅन हा पर्याय असेल तर त्या पानावरूनच थेट स्कॅन करता येतं, लिनक्सवर काहीही न टाकता. आज संध्याकाळपर्यंत चार कागद पाठवायचेच असतील तर तेवढ्यापुरतं ते वापरा.

आता सेनची बाजू. तुम्हाला हवं आहे ते पॅकेज म्हणजे 'सेन-एअरस्कॅन'. ईएससीएल आणि डब्ल्यूएसडी दोन्ही त्याला येतात. डेबियन ११पासून ते डेबियनमध्ये आहे आणि उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च सगळीकडे याच नावाने मिळतं. नव्या मिंटवर बहुधा आधीच बसलेलं असेल, तरी पॅकेज मॅनेजरमध्ये खात्री करा. सोबत 'अवाही-डीमन' ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा चालू हवी, कारण स्कॅनरची घोषणा ऐकण्याचं काम ती करते. मग टर्मिनलमध्ये 'स्कॅनइमेज', जागा सोडून वजा चिन्ह आणि कॅपिटल एल, एवढी आज्ञा द्या. यादीत 'एअरस्कॅन'ने सुरू होणारी ओळ दिसली की काम झालं, डॉक्युमेंट स्कॅनर बंद करून पुन्हा उघडा. या यादीत तुमचा वेबकॅमही 'व्हीफोरएल' नावाने दिसेल. तो पाहून अनेक जण गोंधळतात. सेनच्या लेखी तोही चित्र देणारं उपकरण आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

ब्राउझरमध्ये पान येतं आणि तरीही यादीत स्कॅनर नाही, असं झालं तर अडचण 'सापडण्यात' आहे. माझ्या अनुभवात नेटवर्क स्कॅनरच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथे येऊन थांबतात, म्हणून इथे थोडं थांबून समजून घेऊ.

ईएससीएल स्कॅनर स्वतःची जाहिरात एमडीएनएसवरून (घरच्या नेटवर्कवर उपकरणं एकमेकांना शोधतात ती पद्धत) करतो, म्हणजे २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या, पत्त्यावर, यूडीपी पोर्ट ५३५३वर. ती तुमच्यापर्यंत पोहोचते का हे पाहायला 'अवाही-युटिल्स' पॅकेज टाका आणि 'अवाही-ब्राउझ' ही आज्ञा 'वजा आरटी' या पर्यायासह 'युस्कॅन' सेवेसाठी चालवा. सेवेचं पूर्ण नाव अंडरस्कोर युस्कॅन, टिंब, अंडरस्कोर टीसीपी असं लिहायचं. जाहिरात पोहोचत असेल तर जे उत्तर येतं ते नीट वाचण्यासारखं असतं. पत्ता असतो, पोर्ट असतो आणि खाली 'टीएक्सटी' नावाची जास्तीच्या माहितीची एक ओळ असते. त्यात 'आरएस', बरोबरचं चिन्ह आणि ईएससीएल असं लिहिलेलं असतं, तो वेब सर्व्हरवरचा मार्ग. 'आयएस'पुढे प्लेटन आणि एडीएफ, म्हणजे काच आणि कागद ओढणारा फीडर, यांतलं काय आहे ते असतं. 'सीएस'पुढे रंगीत की करडं, 'डुप्लेक्स'पुढे टी किंवा एफ, म्हणजे दोन्ही बाजू एका दमात होतात की नाही. मघाशी म्हटलं तो वेगळा पोर्टही इथेच कळतो. कुठलंही माहितीपत्रक न उघडता मशिनने स्वतःबद्दल सगळं सांगितलेलं असतं.

उत्तर रिकामं आलं तर जाहिरात वाटेत अडते आहे. पहिला संशय राउटरवर घ्या. गेस्ट नेटवर्कवर असलेली उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत आणि काही राउटरवर 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू असतं, त्याचाही परिणाम तोच. प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवर आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर असणं हे मात्र कारण नसतं, बहुतेक राउटर दोन्ही एकाच नेटवर्कमध्ये ठेवतात. काही मेश संचांत (घरभर ठेवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या राउटरांत) मल्टिकास्ट नीट पुढे जात नाही, तिथे हा त्रास होतो. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून पाहा.

दुसरा संशय फायरवॉलवर. यूएफडब्ल्यू या उबुंटू-मिंटवरच्या फायरवॉलच्या मूळ नियमांत एमडीएनएसला वाट दिलेली असते, पण डब्ल्यूएसडीला तो हमखास अडवतो. त्याचं कारण असं: शोधाची हाक २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर पोर्ट ३७०२ला जाते आणि उत्तर येतं प्रिंटरच्या स्वतःच्या पत्त्यावरून. फायरवॉलच्या नोंदीत त्या पत्त्याला आपण काही विचारलेलंच नसतं, म्हणून ते उत्तर तो अनाहूत समजून टाकून देतो. एका मिनिटापुरता फायरवॉल बंद करा, सेन-एअरस्कॅनची स्कॅनर शोधणारी 'एअरस्कॅन-डिस्कव्हर' ही आज्ञा चालवा, लगेच पुन्हा चालू करा. बंद असताना स्कॅनर दिसला तर दोषी सापडला. मग प्रिंटरच्या आयपी पत्त्यावरून येणारी वाहतूक चालू देणारा एक नियम टाका. फायरवॉल कायमचा बंद ठेवू नका.

यातलं काहीच तुमच्या हातात नसेल, उदाहरणार्थ नेटवर्क दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल, तर शोधण्याची पायरीच वगळता येते. मला तर हा उपाय सगळ्यांत भरवशाचा वाटतो. 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'सेन डॉट डी'च्या आत 'एअरस्कॅन डॉट कॉन्फ' ही फाइल आहे. तिच्यात चौकटी कंसातल्या 'डिव्हाइसेस' या मथळ्याखाली एकच ओळ लिहायची: अवतरण चिन्हांत स्कॅनरला तुम्ही द्याल ते नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग एचटीटीपीपासून ईएससीएलपर्यंत पूर्ण पत्ता, स्वल्पविराम आणि शेवटी प्रोटोकॉलचं नाव. एअरस्कॅन-डिस्कव्हर जी ओळ छापतो ती नेमकी याच साच्यात असते, त्यामुळे कधीतरी एकदा जरी ती मिळाली तरी जशीच्या तशी चिकटवता येते. असं केलंत तर राउटरमध्ये प्रिंटरसाठी तोच आयपी पत्ता राखून ठेवा. नाहीतर एखादे दिवशी वीज जाऊन आली की पत्ता बदलेल आणि स्कॅनर पुन्हा गायब होईल.

आता समजा मशिन जुनं आहे आणि ईएससीएल त्याला येतच नाही. मग कंपनीनुसार वाटा फुटतात. कॅननच्या पिक्स्मा मालिकेतली बरीच मॉडेल सेनच्या 'पिक्स्मा' बॅकएंडला नेटवर्कवरही ओळखता येतात, गरज पडली तर 'पिक्स्मा डॉट कॉन्फ'मध्ये 'बीजेएनपी' या शब्दाने सुरू होणारा पत्ता लिहा. एचपीसाठी 'एचपीएलआयपी' आहे, त्यातल्या 'एचपी-सेटअप'ला आयपी पत्ता द्यायचा. काही मॉडेलना वेगळा प्लगइन लागतो, तो 'एचपी-प्लगइन' उतरवतो आणि त्याची आवृत्ती एचपीएलआयपीशी जुळावी लागते. ब्रदरचा 'बीआरस्कॅन' त्यांच्या साइटवरून घ्यावा लागतो आणि मग 'बीआरसेनकॉन्फिग'मध्ये मॉडेल व आयपी पत्ता स्वतः नोंदवावा लागतो. एप्सनचा 'एप्सनस्कॅन टू' नेटवर्कवर चालायला सोबतचा नॉन-फ्री प्लगइन हवाच, तो राहून जातो आणि माणूस तासभर शोधत बसतो. जुन्या सॅमसंगला 'झेरॉक्स एमएफपी' हा बॅकएंड चालतो, नाव झेरॉक्सचं असलं तरी.

पण मशिन नवं असेल तर या वाटेला जाऊ नका. कंपनीचे स्कॅनिंग ड्रायव्हर पुष्कळदा लिनक्सच्या ठरावीक वितरणांसाठी (मिंट, उबुंटू अशा प्रकारांसाठी) बांधलेले असतात आणि सिस्टम नवी झाली की अचानक चालेनासे होतात. ईएससीएल चालतंय तिथे ते टाकून फक्त गुंतागुंत वाढते.

एक जुना सल्ला तुम्हाला शोधताना सगळीकडे दिसेल: स्वतःला 'स्कॅनर' गटात घाला किंवा 'सुडो'ने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवून पाहा. तो यूएसबीसाठी आहे. नेटवर्कवरच्या स्कॅनरला उपकरणाच्या फाइलची परवानगी लागत नाही. तसंच 'सेन्ड' (सेनचा नेटवर्कवर वाटून देणारा भाग) आणि पोर्ट ६५६६बद्दलचे लेखही बाजूला ठेवा. एका कॉम्प्युटरला यूएसबीने लावलेला स्कॅनर दुसऱ्या कॉम्प्युटरला वाटून द्यायचा असेल तेव्हा ते लागतं. तुमचा स्कॅनर स्वतःच नेटवर्कवर आहे.

स्कॅनर दिसायला लागल्यावर कदाचित तो दोनदा दिसेल, एकदा 'ईएससीएल' आणि एकदा 'एअरस्कॅन' नावाने. सेनमध्ये ईएससीएलचा स्वतःचा बॅकएंडही आहे. एअरस्कॅनवाली नोंद निवडा, ती मला जास्त भरवशाची वाटते. दुसरी खटकत असेल तर 'सेन डॉट डी'मधल्या 'डीएलएल डॉट कॉन्फ'मध्ये ईएससीएलच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह लावा.

रिझोल्यूशन कागदपत्रांसाठी ३०० डीपीआय पुरतं. ए-फोर पान त्यात २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. ६००ला पिक्सेल चौपट होतात आणि वायफायवर तो फरक चांगलाच जाणवतो. फीडरमधून अनेक पानं घ्यायची असतील तर सोर्स म्हणून एडीएफ निवडा. शेवटचं पान झाल्यावर स्कॅनइमेज फीडरमध्ये कागद संपल्याचा संदेश देऊन थांबतो, तो बिघाड नाही. पण पान काचेवर आहे आणि पहिल्याच पानाला तो संदेश आला, तर सोर्स एडीएफवर राहिला आहे, फ्लॅटबेड करा.