थंडीत भाताचं बी उगवणं जातीवर अवलंबून असतं का?

हो, खानापूरकडे जानेवारीच्या थंडीत उन्हाळी भाताचा तरवा टाकला की एक जात लवकर उगवते नि दुसरी अडून बसते, त्यामागे बऱ्याच अंशी जनुकंच असतात, आणि तीही अनेक. सगळ्यांत नीट उलगडलेलं जनुक म्हणजे तिसऱ्या गुणसूत्रावरचं क्यूएलटीजी३-१. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये ते इटलीच्या ‘इटालिका लिव्होर्नो’ जातीतून वेगळं केलं. १५ अंशांतही ते अंकुरावरच्या पेशींचं आवरण कमकुवत करतं, म्हणून कोंबाला बाहेर पडायला जोर कमी लागतो. इंडिका गटातल्या जाती, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक, थंडी कमी सोसतात. मात्र थंडीत चांगली उगवणारी जात फुलोऱ्यातही थंडी सोसेलच असं नाही. ते गुण वेगळे. बी भिजवून, ओल्या पोत्यात उबेला दाबून ठेवा, पांढरा मोड दिसला की मगच टाका.