प्रश्न तुमचे : पासपोर्टची रांग आणि कस्टमचा दरवाजा

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला असतो, आम्ही दोघं दरवर्षी जातो. मुंबईच्या इमिग्रेशनला उभं राहून पाय भरून येतात. दोघांच्या फोनमध्ये डिजीयात्रा आहे, पण तिथे ती कुणी बघतही नाही. मग उपयोग काय? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : डिजीयात्रा हे चेहऱ्यावरून ओळख पटवणारं अॅप देशांतर्गत विमानांसाठी आहे. टर्मिनलच्या दारात आणि सुरक्षा तपासणीला तिचा उपयोग होतो, पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा तिच्याशी संबंध नाही. तुम्हाला हवी आहे ती गृह मंत्रालयाची ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’ ही योजना. 22 जून 2024 ला ती दिल्लीत सुरू झाली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद आले. सप्टेंबर 2025 मध्ये लखनौ, तिरुअनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड आणि अमृतसर. या तेरांत नागपूर नाही. पण तुमचं इमिग्रेशन मुंबईतच होतं, त्यामुळे तुमचं काही अडत नाही.

शुल्क नाही. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) दोघांनाही नोंदणी करता येते. मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा. फोटो, पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची स्कॅन प्रत आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. अर्जाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. मंजुरीनंतर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो ठरलेल्या विमानतळावर किंवा एफआरआरओ कार्यालयात (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) देता येतो. केवळ ठशांसाठी मुंबईची खेप करू नका. अर्ज दीड-दोन महिने आधी टाका आणि जायच्याच दिवशी तासभर लवकर पोचून ते काम उरका. नोंदणी पाच वर्षं चालते, पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर त्याच्याबरोबर तीही संपते. म्हणून वर्षभरात नूतनीकरण येणार असेल तर आधी नवा पासपोर्ट काढा.

नोंदणी झाली की रांगेऐवजी स्वयंचलित गेटमधून जायचं. तिथे काय होतं तेही सांगतो. पहिल्या दाराशी बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन होतो, दुसऱ्या दाराशी कॅमेरा तुम्हाला ओळखतो. इथे लोक अडकतात ते फुटकळ कारणांनी. पासपोर्टला प्लॅस्टिकचं कव्हर असतं, त्यामुळे फोटोच्या पानावरच्या खालच्या दोन ओळी यंत्राला नीट वाचता येत नाहीत. बोर्डिंग पास बारकोडवरच घडी घालून खिशात कोंबलेला असतो. नाहीतर नवरा-बायको दोघं एकदम आत शिरतात. कव्हर काढा, टोपी-मास्क काढा, एकेकटे जा. दार उघडलंच नाही तर बाजूच्या अधिकाऱ्याकडे जायचं, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

प्रश्न : तिकडे उतरल्यावरची रांग याहून मोठी असते. तिथे काही सोय? (धरमपेठ, याच पत्रातून)

उत्तर : दोन वाटा आहेत. एक ‘ग्लोबल एन्ट्री’, म्हणजे आधीच तपासणी झालेल्या प्रवाशांना तिथल्या इमिग्रेशनमधून लवकर सोडणारी अमेरिकेची योजना. 2017 पासून भारतीय नागरिकांना ती खुली आहे. पाच वर्षांचे 120 डॉलर, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. अमेरिकेच्या पोर्टलवर अर्ज केल्यावर आपल्याकडे पासपोर्ट सेवा पोर्टलमार्फत पार्श्वभूमी तपासणी करून घ्यावी लागते, ही पायरी बरेच जण विसरतात आणि अर्ज तसाच पडून राहतो. सशर्त मंजुरी आली की मुलाखत अमेरिकेत उतरताना विमानतळावरच देता येते. वर्षाला एक खेप असेल तर पैसे वसूल होतील. पाच वर्षांत एकदाच जाणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये.

दुसरी वाट फुकट आहे: अबू धाबीमार्गे अमेरिकेला जाणारं विमान. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच आटोपतं आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. मात्र तिथे दोन विमानांमध्ये निदान तीन तास ठेवा. रांग तिथेही असतेच, आणि पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. दोह्याला ही सोय नाही. इमिग्रेशनची माहिती फोनवरच भरून देण्याचं अमेरिकेचं ‘मोबाइल पासपोर्ट कंट्रोल’ अॅप पर्यटक व्हिसावरच्या भारतीयांना चालत नाही. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल तर त्याला चालेल.

प्रश्न : परतताना बॅगा थेट नागपूरला येतील असं काउंटरवर सांगितलं होतं, पण मुंबईत उतरवून घ्याव्या लागल्या. असं का? (मनीषनगर)

उत्तर : भारतात जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच साधारणपणे इमिग्रेशन आणि कस्टम होतं. बॅगेवर नागपूरचा टॅग असला तरी मुंबईच्या पट्ट्यावरून ती उचला, कस्टममधून बाहेर काढा आणि ट्रान्सफर काउंटरवर पुन्हा द्या. पट्ट्यावर बॅग सोडून जाणाऱ्यांचं सामान मागेच राहतं. मध्ये चार तास ठेवा. पुढचं विमान टर्मिनल 1 चं असेल तर आणखी एक वाढवा, कारण दोन्ही टर्मिनल वेगळ्या जागी आहेत आणि मधला रस्ता मुंबईचा आहे. दोहा किंवा शारजाहून थेट सोनेगावला उतरत असाल तर सगळं नागपुरातच होतं आणि रांग साधारणपणे तुमच्याच विमानाची असते.

प्रश्न : हिरव्या दारातून जाऊ की लाल? लग्नासाठी बायकोचे दागिने घेऊन गेलो होतो, येताना चौकशी होईल का? (सक्करदरा)

उत्तर : 2 फेब्रुवारी 2026 पासून नवे बॅगेज नियम आहेत. परदेशातून परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला 75,000 रुपयांपर्यंतचा माल शुल्काशिवाय आणता येतो. आधी ही मर्यादा 50,000 होती. दारू दोन लिटर, सिगारेट 100. फ्लॅट टीव्ही या सवलतीत बसत नाही, ई-सिगारेट आणणं तर बेकायदाच. 5,000 डॉलरपेक्षा जास्त परकीय नोटा, किंवा चेक वगैरे धरून एकूण 10,000 डॉलरपेक्षा जास्त रक्कम असेल तर जाहीर करावी लागते. मर्यादेपेक्षा जास्त किंवा जाहीर करण्यासारखं काही असेल तर लाल दार, नसेल तर हिरवं. लाल दारात वेळ लागतो, पण हिरव्या दारात पकडलं गेल्यावर जो लागतो त्यापेक्षा कमीच. कस्टमच्या ‘अतिथी’ अॅपवर विमानात बसण्याआधीच यादी भरून ठेवली की काउंटरवर लिहीत बसावं लागत नाही.

दागिन्यांचं काम मात्र जाताना करायचं असतं. चेक-इनच्या आधी कस्टमकडे दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. सराफाची पावती किंवा मूल्यांकन, प्रत्येक दागिन्याचं वजन आणि फोटो जवळ ठेवा. हे आपलेच, इथूनच नेलेले, याचा तो पुरावा. महागडा कॅमेरा असेल तर तोही यातच नोंदवा. या खेपेला प्रमाणपत्र नसेल तर जुन्या पावत्या आणि या प्रवासाच्या आधी काढलेले, ते दागिने घातलेले फोटो दाखवा. ऐकलं जाईलच याची हमी नाही.

प्रश्न : शारजाला भावाकडे सावजी मसाला आणि संत्रा बर्फी नेऊ का? (महाल)

उत्तर : मसाल्यात खसखस आहे का ते आधी विचारा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थांत धरतात, आणि सावजी मसाल्यात अनेक घरी ती पडतेच. भावावरच्या प्रेमापोटी तुरुंगाची वेळ आणू नका. खसखस वगळून वेगळा मसाला कुटून घ्या. बर्फी चालेल. ऑस्ट्रेलियाला मात्र दुधाची मिठाई नेऊ नका. ताजी संत्री अमेरिकेला नेऊ नका, आणि खाण्याचं जे काही असेल ते जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड बसतो.

प्रश्न : थायलंड-सिंगापूर सहल आहे. एजंट ‘अरायव्हल कार्ड’चे माणशी पैसे मागतो. (जरीपटका)

उत्तर : देऊ नका. अरायव्हल कार्ड म्हणजे त्या देशात शिरण्यासाठी भरायचा माहितीचा फॉर्म, आणि दोन्ही देशांचे फॉर्म फुकट आहेत. दोन्ही देशांच्या सरकारी साइटवर, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर परदेशी प्रवाशांनाही स्वयंचलित गेट वापरता येतात. पासपोर्टवर शिक्का बसत नाही, तिथे राहण्याच्या परवानगीचा पास ई-मेलवर येतो. म्हणून फॉर्ममध्ये ई-मेल बरोबर लिहा.

प्रश्न : आईचे ठसे व्हिसा केंद्रात दोनदा आले नाहीत. (प्रतापनगर)

उत्तर : वयाने आणि कामाने बोटांच्या रेषा झिजतात, त्यात आपला कोरडा उन्हाळा. आठवडाभर रोज रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. ठसे द्यायच्या दिवशी मात्र हात धुऊन कोरडे करा, तेलकट बोट काचेवर घसरतं. घरात लग्न असेल तर बोटांच्या टोकांना मेंदी लावू देऊ नका.