डॉक्टरांना विचारा

प्रश्न : मुलगी सेवाग्रामला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजनं १५ दिवस खेड्यात मुक्कामाला नेलंय. अभ्यास बुडेल का?

उत्तर : ताई, हाच तर अभ्यास! १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी हे कॉलेज काढलं, ते खेड्यांसाठीच.

मी नवखा असताना एका मजूर बाईंना आठवड्याच्या २१ गोळ्या दिल्या. जेवणानंतर, दिवसातून तीनदा. परत आल्या तेव्हा पदराच्या गाठीत ७ गोळ्या तशाच. म्हणाल्या, “साहेब, जेवण दोनदाच होते ना!” मला फार लागलं ते. तेव्हापासून औषध लिहिण्याआधी विचारतो : काय खाता, कितीदा, कामाचा खाडा परवडेल का?

मुलीला एवढंच सांगा, घरोघरी भल्या सकाळी जा. उन्हं चढली की माणसं शेतात, दाराला कुलूप.