आधी घड्याळ, मग वेग

सोलापूर, वैशाख

प्रिय विद्यार्थी मित्रास,

अनेक आशीर्वाद.

बीबीसी मायक्रो या १९८० च्या दशकातल्या ब्रिटिश संगणकाची लॅपटॉपवर नक्कल करणारा तुझा प्रोग्रॅम, म्हणजे इम्युलेटर, मी चालवून पाहिला आणि सोबत पाठवलेला कोडही सावकाश वाचला. तुझ्या तक्रारी तीन आहेत: प्रोग्रॅम कधी दहा मिनिटांनी तर कधी तासाभराने अडकतो, आवाजात मधूनमधून खटखट येते, आणि दुपारी सगळेच मंदावते. यावर उपाय म्हणून मूळ यंत्राच्या ६५०२ या प्रोसेसरच्या सूचनांचे थेट तुझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणारा रिकम्पायलर लिहावा का, असे तू विचारले आहेस. लिहू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ यंत्र २ मेगाहर्ट्झचे आहे आणि तुझा प्रोसेसर २ गिगाहर्ट्झच्या पुढचा, म्हणजे मूळच्या एका सायकलमागे तुझ्या हाताशी हजार सायकल्स आहेत. एकेक सूचना वाचून ती पार पाडणाऱ्या साध्या स्विच-केसच्या इंटरप्रिटरला इतकी सवड पुरून उरते. क्यूईएमयू या प्रसिद्ध इम्युलेटरला रूपांतराची वाट धरावी लागली, कारण त्याला आधुनिक प्रोसेसर चालवायचे असतात. तुझी अडचण तशी नाही.

खरी अडचण घड्याळाची आहे. तुझ्या कोडमध्ये सिस्टिम व्हीआयएचा, म्हणजे टायमर आणि कळफलक सांभाळणाऱ्या ६५२२ चिपचा, टायमर तुझ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे घड्याळ वाचून पुढे सरकतो. त्यामुळे तुझ्या लॅपटॉपवर दुसरे एखादे काम क्षणभर डोके वर काढते, तेव्हा आतल्या यंत्राला इंटरप्ट, म्हणजे हातचे काम थांबवायला लावणारी हाक, वेगळ्याच सूचनेवर येतो, आणि प्रत्येक वेळी प्रोग्रॅमची वाट थोडी निराळी होते. अशा प्रोग्रॅममधला दोष पुन्हा घडवून दाखवता येत नाही, आणि जो दोष पुन्हा घडवता येत नाही तो दुरुस्त झाला की नाही हेही कळत नाही. म्हणून आतल्या यंत्रात काळ मोजण्याचे एकच साधन ठेव: सुरुवातीपासून झालेल्या सायकल्सची चौसष्ट बिटांची एक संख्या. टायमर, पडदा, आवाज, डिस्क या सर्वांनी तिच्याकडेच पाहावे. बाहेरच्या घड्याळाने फक्त पुढचे फील्ड, म्हणजे पडद्यावरची पुढची फेरी, केव्हा सुरू करायचे एवढेच ठरवावे.

हे करताना बारकावे सांभाळावे लागतील. बीबीसी मायक्रोची ऑपरेटिंग सिस्टिम सेकंदाला १०० ठोके मिळावेत म्हणून टायमर १ मध्ये ९९९८ ही संख्या ठेवते, कारण सलग चालणाऱ्या रीतीत ६५२२ चा फेरा ठेवलेल्या संख्येपेक्षा दोनने मोठा असतो आणि तो १ मेगाहर्ट्झने मोजतो. तू ते दोन सोडून दिले आहेस. तुझे घड्याळ त्यामुळे दिवसाला सुमारे १७ सेकंद पुढे पळते. कोणाच्या ध्यानात येणार नाही इतका हा फरक आहे, परंतु पडद्याच्या ओळीशी मेळ घालून रंग बदलणारे खेळ एवढ्यानेही विस्कटतात.

दुसरा बारकावा अधिक फसवा आहे. ६५०२ काही सूचनांत निरुपयोगी वाटणारे वाचन करतो. एक्स रजिस्टरने सरकवलेल्या पत्त्यावर लिहिणारी एसटीए ही सूचना पाच सायकल्स घेते आणि त्यांतल्या चौथ्या सायकलमध्ये लिहिण्याआधी वाचते. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. मात्र तो पत्ता षोडशमान एफई४४, म्हणजे टायमर १ चा, असेल, तर त्या वाचनाने त्याचा इंटरप्ट फ्लॅग, म्हणजे इंटरप्ट मागितल्याची खूण, पुसला जातो. तुझ्या इम्युलेटरमध्ये हे वाचन होत नाही, म्हणून फ्लॅग उभाच राहतो आणि प्रोग्रॅम एका जादा इंटरप्टात शिरतो. क्लाउस डॉर्मन यांची ६५०२ ची चाचणी तुझा कोड पार करतो हे उत्तमच आहे; ती सूचनांची उत्तरे तपासते, त्यांना किती सायकल्स लागल्या किंवा वाटेत कोणते पत्ते वाचले गेले हे तपासत नाही. १ मेगाहर्ट्झच्या चिपांशी बोलताना प्रोसेसरला एक किंवा दोन सायकल्स थांबावे लागते, तेही तुझ्याकडून राहिले आहे.

घड्याळ एक झाले की नोंद आणि पुनरावृत्ती सोपी होते. प्रत्येक कळ दाबली-सोडल्याची नोंद सायकलच्या आकड्यासह फाइलीत कर आणि तीच फाइल पुन्हा चालव. दर फील्डच्या अखेरीस रजिस्टरे, ३२ किलोबाइट रॅम आणि चिपांची स्थिती यांचा एक हॅश, म्हणजे सगळ्यांवरून काढलेला एक ओळखीचा आकडा, लिहून ठेव. दोन खेपांचे हॅश जिथे प्रथम वेगळे पडतात, तिथेच शोध सुरू करायचा. माग चालू असताना ताण्याचा धागा तुटला तर दोष नजरेस येईपर्यंत कापड बरेच पुढे गेलेले असते, हे तुला घरच्या अनुभवाने ठाऊकच आहे. तुझा प्रोग्रॅम अडकतो ती जागा अशीच पुढची आहे. मला दोन ठिकाणांचा संशय आहे. पहिले, शून्य पानातला, म्हणजे मेमरीच्या पहिल्या २५६ जागांतला, सरकवलेला पत्ता २५५ च्या पुढे गेल्यावर पुन्हा शून्यावर यायला हवा, तो तुझ्याकडे एके ठिकाणी २५६ होतो. दुसरे, आवाजाचा कॉलबॅक, म्हणजे साउंड कार्डाला नमुने पुरवणारे फंक्शन, वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर प्रवाहात, चालतो आणि मुख्य थ्रेड बदलत असतानाच चिपची रजिस्टरे वाचतो. आवाजाचे नमुने मुख्य थ्रेडनेच तयार करून रिंग बफरमध्ये, म्हणजे गोल फिरणाऱ्या रांगेत, टाकावेत. कॉलबॅकने ते फक्त उचलावेत. ॲड्रेस सॅनिटायझर आणि थ्रेड सॅनिटायझर ही मेमरीच्या व थ्रेडांच्या चुका पकडणारी साधने लावून एकेकदा चालवलेस, तर माझा संशय खरा की खोटा हे मला विचारण्याची गरज उरणार नाही.

आता वेग. वेळ कुठे जातो हे मोजणारा प्रोफायलर लावल्याशिवाय एकही ओळ बदलू नकोस. माझ्या पाहणीत तुझा बहुतेक वेळ ६५०२ मध्ये जातच नाही. प्रत्येक सायकलला तू सगळ्या चिपांना हाक मारतोस आणि प्रत्येक बिंदूसाठी स्वतंत्र फंक्शन बोलावतोस, तिथे तो जातो. पुढची घटना कोणत्या सायकलला आहे हे एका रांगेत मांडून ठेव आणि तोवर प्रोसेसरला एकटे धावू दे. पडद्याची ओळ ती संपल्यावर, किंवा मधेच रंगाचे अथवा पडदा सांभाळणाऱ्या ६८४५ चिपचे रजिस्टर बदलले तर तेवढ्यापुरती, रंगवावी. मेमरीची २५६ पाने मानून प्रत्येकाचा पॉइंटर तक्त्यात ठेव. चिपांचे पत्ते असलेल्या एफसी, एफडी आणि एफई या पानांपुरती जागा रिकामी ठेवून तेवढेच पत्ते संथ मार्गाने ने. रॉम बदलला की ६४ पॉइंटर बदलायचे, बस्स. प्रोसेसरचे फ्लॅग आळशीपणाने, म्हणजे गरज पडेल तेव्हाच, काढण्याची युक्ती तू लिहिली आहेस, ती चांगली आहे, पण तिचा लाभ इथे किरकोळ ठरेल.

खटखटीचे मूळ स्लीपमध्ये, म्हणजे दोन फील्डांमधल्या विश्रांतीत, आहे. एका फील्डला ४०,००० सायकल्स, म्हणजे २० मिलिसेकंद लागतात. विंडोजचे नेहमीचे टायमर १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतात, त्यामुळे २० ची विश्रांती ३१ पर्यंत लांबू शकते आणि तोवर आवाजाचा बफर रिता होतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या आवाजात एका फील्डला ८८२ नमुने लागतात. बफर ठरावीक पातळीखाली गेला की पुढचे फील्ड चालवायचे, असा ताल आवाजाकडेच सोपव. लॅपटॉपच्या पडद्याच्या ६० हर्ट्झला तो बांधू नकोस. साउंड कार्डाचे स्फटिक आणि तुझे गणित यांत तरीही किंचित तफावत राहते, ती नमुन्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत हलवून भरून काढता येते आणि कानाला जाणवत नाही.

दुपारच्या मंदपणाला मात्र तुझा कोड पूर्णतः जबाबदार नाही. वैशाखात आपल्याकडे पारा ४२ अंशांपुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉपचा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो. सकाळचे मोजमाप आणि दुपारचे मोजमाप यांची तुलना करून एखादा बदल चांगला की वाईट हे ठरवणे व्यर्थ आहे. त्याऐवजी एकच नोंदवलेली फाइल चालवून यजमान, म्हणजे लॅपटॉपच्या, प्रोसेसरने किती सूचना पार पाडल्या हे मोज. तो आकडा उष्म्याने फारसा हलत नाही.

वीज जाण्याचाही विचार कर. डिस्कची प्रतिमा किंवा जतन केलेली स्थिती लिहिताना मूळ फाइलीवरच लिहू नये. शेजारी तात्पुरती फाइल पूर्ण लिहून, ती डिस्कवर उतरली याची खात्री करून, मगच नाव बदलावे. जतन केलेल्या स्थितीत घटनांची रांग आणि टायमरचे अर्धवट फेरेही आले पाहिजेत, नाहीतर उघडल्यानंतरच्या पहिल्याच फील्डला हॅश फिसकटेल.

पुढच्या खेपेला कोडऐवजी कळांच्या नोंदीची फाइल आणि हॅश वेगळा पडला त्या पहिल्या फील्डचा आकडा पाठव. तेवढ्यावर पुढे बोलू.

कळावे,
तुझा हितचिंतक