शंभर किलोवाल्याची चाकं

तुझं वजन शंभरच्या पुढे आहे ना, मग माउंटन सायकलला हलक्या चाकांचा नाद सोड. खर्च करायचाच तर मागच्या चाकावर कर. जास्त भार तेच सोसतं. मागे ३२ स्पोक तरी हवेतच, ३६ मिळाले तर उत्तम. पुढे ३२ पुरतात. रिम डबल-वॉल, म्हणजे दुहेरी भिंतीची, आतून ३० मिमीच्या आसपास रुंद.

स्पोक मात्र जाड बघून घेऊ नकोस. मधे बारीक, टोकांना जाड असे बटेड स्पोक थोडे ताणले जातात, त्यामुळे धक्का शेजारच्या स्पोकांतही वाटला जातो आणि ते सहसा हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकावर तुटत नाहीत. निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारे छोटे नट, पितळेचेच. ॲल्युमिनियमचे आपल्या खाऱ्या हवेत पांढरे पडून जाम होतात. मग चाकाचा आऊट (डगमग) काढायला बसलेला मेकॅनिक आपल्याला शिव्या घालतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

नवी चाकं थोडी फिरवून झाली की स्पोकांचा ताण एकदा तपासून घे. हा खर्च लोक उगाच वाचवतात. टायर २.४ इंची, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या जांभ्या दगडांवर हवा फार कमी ठेवलीस तर रिमच आपटेल. हब सील्ड (बंदिस्त) बेअरिंगचा घे, पावसाळा आहेच.