प्रशिक्षणाला जाण्याआधी शेवटचा नळ मोज

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

पाणीपुरवठ्याच्या प्रशिक्षणांची तीन माहितीपत्रकं पाठवलीस आणि ‘यातलं कोणतं घेऊ?’ असं विचारलंस. पाच दिवसांचं जलव्यवस्थापनाचं, दोन दिवसांचं पंपांचं आणि एक ऑनलाइन. कार्यालय वर्षातून एकदाच प्रशिक्षणाला सोडणार, म्हणजे निवड चुकली की वर्ष गेलं, ही तुझी काळजी रास्त आहे. पण निवड ज्यावरून करायची ती गोष्ट तिन्ही पत्रकांत नाही. ती म्हणजे तुझ्या पाणीयोजनेचे आकडे, आणि ते तुझ्याकडेच मिळतील.

सात दिवस, रोज एकाच वेळी, जलशुद्धीकरण केंद्रापासून सगळ्यात लांबच्या नळावर मुक्त क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक उरलेला) मोज. त्याच वहीत त्या दिवशी किती पाणी सोडलं, किती ब्लीचिंग पावडर गेली आणि गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा किती होता, तेही लिही. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा: पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) ८ च्या खाली असताना किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावं आणि ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२. केंद्रावर ०.८ आणि शेवटच्या नळावर शून्य येत असेल, तर तुझी गरज वितरणाच्या प्रशिक्षणाची आहे. तिथे पंपांचा अभ्यासक्रम फारसा कामाचा नाही. केंद्रावरच आकडा रोज वर-खाली होत असेल तर डोसिंगच्या, म्हणजे क्लोरीन किती घालायचा त्या हिशेबाची.

तो हिशेब दिसतो त्याहून सोपा आहे. १० लाख लिटर पाण्याला लिटरमागे १ मिलिग्रॅम डोस म्हणजे १ किलो क्लोरीन. २० लाख लिटरला २ मिलिग्रॅमचा डोस द्यायचा तर ४ किलो. पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असेल तर १२ किलो पावडर पुरते. पण तीच पावडर ओल आणि उष्णता लागून २० टक्क्यांवर उतरली असेल, तर २० किलो लागते. बारा किलो टाकून ‘डोस नेहमीचाच आहे’ असं म्हणणारे खोटं बोलत नसतात, त्यांनी पावडर तपासलेली नसते. म्हणून ज्या प्रशिक्षणात पावडरीची ताकद स्वतःच्या हातांनी काढायला लावतात, ते माझ्या लेखी निम्मं पास.

मोजताना एक फसगत सांभाळ. क्लोरीन मोजायच्या डीपीडी गोळीने पाणी गुलाबी होतं, पण क्लोरीन फारच जास्त असेल तर रंग उमटून लगेच उडतो आणि नळी रंगहीन दिसते. वाचणाऱ्याला वाटतं शून्य, आणि तो डोस आणखी वाढवतो. शंका आली की क्लोरीन नसलेल्या शुद्ध पाण्याने नमुना दहापट पातळ करून पुन्हा बघ आणि आकड्याला दहाने गुण.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं छोटं गाव आहे. मे २००० मध्ये मुसळधार पावसानंतर तिथल्या विहिरीत जंतू शिरले. ७ माणसं दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली. न्यायमूर्ती ओ’कॉनर यांच्या चौकशीत निघालं की ऑपरेटर वर्षानुवर्षं क्लोरीन न मोजताच नोंदवहीत ठरावीक आकडे भरत होते. त्यांच्याकडे प्रमाणपत्रं होती, पण ती परीक्षा न घेता, जुन्या अनुभवाच्या जोरावर मिळालेली. वर्षाला ४० तासांचं प्रशिक्षण नियमातही होतं. ते लोक कच्चं, म्हणजे क्लोरीन न घातलेलं पाणी स्वतःही पीत, कारण ते चांगलंच आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. क्लोरीन नेमका कशासाठी हे त्यांना कुणी नीट शिकवलं नव्हतं, आणि ते न कळताच तास भरले तर वॉकरटन होतं.

आता क्रम. माझं मत हट्टी आहे: पहिलं प्रशिक्षण सुरक्षेचंच. त्यात मोठेपणा काही नाही, बढतीलाही ते उपयोगी पडत नाही, पण त्यावाचून बाकीचं शिकायला तू शिल्लक राहायला हवं. मॅनहोल, व्हॉल्व्ह चेंबर, रिकामी टाकी या सगळ्या बंदिस्त जागा. उतरण्याआधी वायुमापकाने वर, मधे आणि तळाशी अशा तीन ठिकाणी वाचन घ्यायचं, कारण मिथेन वर साठतो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. ‘वास येत नाही, म्हणजे वायू नाही’ हे वाक्य ऐकलंस की सावध हो: हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. अशा अपघातांत पहिल्यामागे वाचवायला उतरलेले फार मरतात. म्हणून वर तिपाई, दोर आणि एक माणूस असतो, आणि त्या माणसाने काहीही झालं तरी उतरायचं नसतं. हे वाचून कळतं, पण अंगवळणी सरावानेच पडतं.

खड्ड्याचंही तसंच. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास घेऊ शकत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चरीला आधार द्यायचा किंवा बाजू उतरत्या कापायच्या, उकरलेली माती काठापासून किमान ६० सेंटिमीटर दूर टाकायची आणि शिडी आधीच लावायची. केंद्रावर क्लोरीनचे सिलिंडर असतील तर गळतीचा सराव वेगळा करावा लागतो. वायू हवेच्या अडीचपट जड असतो, म्हणून पळायचं ते उंचावर आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, पण गळतीला वळसा घालून. गळती शोधायला अमोनियाची वाफ, पांढरा धूर दिसतो. गळणाऱ्या जागेवर पाणी मात्र कधीच मारायचं नाही. तिथे आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं.

दुसरा क्रम हिशेबाचा, आणि त्यासाठी कुठे जावंही लागत नाही. वर दिलेला डोसचा हिशेब, टाकीचं घनफळ, पंपाची कार्यक्षमता एवढं पक्कं कर. सेकंदाला २० लिटर पाणी ५० मीटर उंच चढवायला पाण्याची म्हणून ९.८ किलोवॅट शक्ती लागते. मीटरवर १८ दिसत असतील, तर पंप-मोटरचा संच ५४ टक्के कार्यक्षमतेवर चाललाय. आता पंपांच्या प्रशिक्षणाला जाताना तुझ्याकडे विचारायला प्रश्न आहे.

पत्रक कसं वाचायचं ते सांगतो. विषयांची यादी सोडून दे, ती सगळ्यांची छान असते. प्रात्यक्षिकाचे तास किती, एका उपकरणामागे माणसं किती, शिकवणाऱ्यांत केंद्र चालवलेलं कुणी आहे का, शेवटी हातांनी करून दाखवायची परीक्षा आहे का, हे फोन करून विचार. चाळीस जणांत एक जार टेस्ट (गढूळ पाण्याला तुरटी किती लागेल ते बघायची चाचणी) यंत्र असेल तर तू ते फक्त बघशील.

जार टेस्ट बघून येत नाही, म्हणून जरा थांबतो. १० ग्रॅम तुरटी एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवली की त्या द्रावणाचा १ मिलिलिटर एक लिटर नमुन्यात १० मिलिग्रॅमचा डोस देतो. सहा बीकर, सहा वेगवेगळे डोस, साधारण १ मिनिट जोरात (मिनिटाला १०० फेरे), १५ ते २० मिनिटं हळू (३० च्या आसपास), मग ३० मिनिटं निवळू द्यायचं. चुका नेहमीच्याच: द्रावण आठवडाभर जुनं, तुरटी सहाही बीकरमध्ये एकदम न टाकता एकेक करून टाकलेली, नमुना प्रयोगशाळेत आणेपर्यंत कोमट झालेला. आणि पावसाळ्यातली खास अडचण: नदीची क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) उतरलेली असते. १ मिलिग्रॅम तुरटी जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. ती संपली की तुरटी कितीही वाढव, गुठळ्या धरत नाहीत, पाणी उलट आम्लधर्मी होतं. तिथे चुना लागतो. सहा बीकरपैकी एकही निवळला नाही तर घाबरू नकोस, क्षारता मोज.

पत्रकांबाहेरच्या संधी जास्त मोलाच्या आणि बहुतेक फुकट असतात. नवा पंप किंवा क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र) बसतो तेव्हा कंपनीचा माणूस चालू करून दाखवायला येतो. अनेकदा ते दाखवणं वरिष्ठांसमोर होतं आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला बटण कुठलं तेही ठाऊक नसतं. निविदेतच लिहून घ्यायला सांग: प्रत्येक पाळीला अर्धा दिवस, बंद करून पुन्हा चालू करणं ऑपरेटरच्या हातून, आणि मोबाइलवर चित्रीकरणाची परवानगी. दुसरी संधी म्हणजे शेजारच्या केंद्रावर दोन दिवस पाळी करणं. संयुक्त राष्ट्रांच्या हॅबिटाट संस्थेकडे पाणीपुरवठा संस्थांची अशीच भागीदारी जुळवणारं जाळं आहे. खालच्या पातळीवर त्यासाठी दोन अभियंत्यांचं बोलणं पुरतं.

घरबसल्या शिकायचं तर ईपानेट घे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये काढलेला हा नळजाळ्याचा संगणक प्रोग्राम आजही मोफत मिळतो. तुझ्या एका विभागाच्या वाहिन्या, व्यास, उंची भर आणि एक व्हॉल्व्ह बंद केल्यावर शेवटच्या नळाचा दाब किती उतरतो ते बघ. खरा व्हॉल्व्ह मात्र सावकाश फिरव. सहा इंची गेट व्हॉल्व्हला साधारण वीस फेरे लागतात, ते मोजून वहीत लिही. लोखंडी वाहिनीत सेकंदाला १ मीटर वेगाने चाललेलं पाणी अचानक थांबवलं तर दाब शंभर मीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा उसळतो आणि फुटतो तो जुना सांधा.

सोडण्याचा अर्ज एका पानाचा ठेव: सात दिवसांचे आकडे, त्यातली उणीव, कोणतं प्रशिक्षण ती भरून काढेल, आणि तुझी पाळी कोण सांभाळेल. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्रशिक्षणं बहुधा पैशापेक्षा बदली माणसाअभावी रद्द होतात. जाताना आपल्या पाण्याची बाटली आणि वहीचं पान सोबत ने. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकलेलं एक काम दोन सहकाऱ्यांकडून करून घे आणि पायऱ्या कागदावर लिहून उपकरणाशेजारी लाव.

पुढच्या पत्रात तीन आकडे कळव: केंद्रावरचा क्लोरीन, शेवटच्या नळावरचा, आणि पावडरीची ताकद. त्यावरून तीन पत्रकांतलं एक मी लगेच सांगेन.

तुझा,
एक जुना पाणीवाला