पायथ्याचे उंच, माथ्याचे बुटके

प्रश्न : एकाच जातीची समजली जाणारी रानरोपे डोंगराच्या पायथ्याशी कमरेएवढी वाढतात, तर माथ्याकडे ती वीतभर उंचीची, जाड आणि लवदार पानांची दिसतात. मधल्या उंचीवर दोहोंच्या दरम्यानची रोपे भेटतात. ही एकच जात मानावी की वेगवेगळ्या?

उत्तर : नुसत्या पाहण्यावरून याचा निर्णय करता येत नाही, कारण वरकरणी सारखाच दिसणारा बुटकेपणा दोन अगदी निराळ्या कारणांनी येतो. थंडी, वारा, पातळ माती आणि तोकडा हंगाम यांमुळे कोणतेही रोप खुरटते आणि खाली आणून लावले की पुन्हा जोम धरते. याउलट काही रोपांचा बुटकेपणा बियांतून उतरलेला असतो आणि तो चांगल्या जमिनीतही बराचसा टिकून राहतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गास्तों बोनिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने एकाच रोपाचे दोन भाग करून एक सखल भागात आणि दुसरा उंच पर्वतावर लावला, तेव्हा पर्वतावर लावलेला भाग जमिनीला चिकटून वाढला. इथवर निरीक्षण ठीक होते. पण उंचीवर लावलेली काही रोपे चक्क दुसऱ्या जातीत बदलली, हा त्याचा दावा पुढच्या काटेकोर प्रयोगांत टिकला नाही. 1922 साली स्वीडनच्या ग्योटे ट्यूरेसन यांनी विशिष्ट परिसराशी आनुवंशिकरीत्या जुळलेल्या अशा रूपांना ‘इकोटाइप’ हे नाव दिले.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे काम मात्र कॅलिफोर्नियातले आहे. क्लाउसेन, केक आणि हिसी या तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी सुमारे 30, 1,400 आणि 3,050 मीटर उंचीवर तीन प्रायोगिक बागा केल्या आणि पोटेंटिला ग्लँड्युलोझा या रानरोपाच्या एकेका झाडाचे फुटवे वेगळे करून तिन्ही ठिकाणी लावले, म्हणजे फरक दिसला तर तो केवळ जागेचा ठरावा. यारो या वनस्पतीची निरनिराळ्या उंचीवरून आणलेली बियाणी त्यांनी एकाच बागेत शेजारीशेजारी वाढवली, तर माथ्याकडची रोपे तेथेही बुटकीच राहिली. सौम्य हिवाळ्यात किनाऱ्याची रोपे वाढत असताना उंचावरची रोपे मात्र सुप्तावस्थेत जात, जणू बर्फ पडणारच आहे. किनाऱ्याची रोपे वर नेली, तर बी पिकण्याआधीच हिमतुषार त्यांना गाठी. रोपाच्या उंचीबरोबर त्याच्या वाढीचे वेळापत्रकही आनुवंशिक असते, हे मला या प्रयोगांचे खरे फळ वाटते. पानांचा आकार सर्वांच्या नजरेत भरतो, वेळापत्रक सहसा कोणी नोंदवत नाही.

आता मधल्या रोपांविषयी. पोटेंटिलाच्या पायथ्याच्या आणि माथ्याच्या रूपांचा संकर केल्यावर दुसऱ्या पिढीत दोन्हींची लक्षणे नाना तऱ्हांनी मिसळलेली आढळली. अशी लक्षणे एका जनुकावर नव्हे, तर अनेकांवर अवलंबून असतात. उतार अखंड असेल, तर परागकण आणि बिया वरखाली जात राहतात आणि सीमा पुसट होते. सुटी शिखरे असली की चित्र पालटते : पूर्व आफ्रिकेत किलिमांजारोवर आणि माउंट केनियावर वृक्षासारख्या वाढणाऱ्या डेंड्रोसेनेसिओच्या निरनिराळ्या जाती आहेत.

म्हणून तुमच्या रोपांना सध्या तरी एकच जात मानावे. नोंद करताना नजरेत भरणारे एकच उंच झाड निवडू नये. प्रत्येक उंचीवर वीस-तीस रोपे सरसकट मोजावीत, त्यांच्या फुलण्याच्या तारखा लिहाव्यात आणि पानांपेक्षा फुलाच्या व फळाच्या रचनेवर अधिक भर द्यावा, कारण ती परिसराने तुलनेने कमी बदलते. एकेका वाळवलेल्या नमुन्यावरून केलेल्या कितीतरी ‘नव्या’ जाती पुढे जुन्याच नावात विलीन झाल्या आहेत. परवानगी मिळत असेल, तर दोन्ही टोकांचे थोडे बी घेऊन एकाच वाफ्यात पेरावे आणि एक नव्हे, निदान दोन हंगाम वाट पाहावी. पहिल्या हंगामात बीमधल्या साठ्याचा प्रभाव रोपावर राहिलेला असतो.